फोटोतल्या वाकलेल्या रेषा आणि त्यांचा इलाज

साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, असं तिथला शिलालेख सांगतो. अष्टकोनी तोंड, सुमारे 50 फूट व्यास, 110 फूट खोली, जिना उतरून गेलं की लागणारा महाल आणि वर मोटांच्या जागा. अशा वास्तूचा फोटो काढताना मागे सरकायला वाव नसतो. म्हणून वाइड लेन्स लावावी लागते, नाहीतर मोबाइलवर ‘पॉइंट फाइव्ह’ दाबावं लागतं. सगळी विहीर फोटोत मावते खरी, पण एक गोष्ट डोळ्यांना खुपते. पाथरवटाने सुतात घडवलेली पायरी फोटोच्या मध्यावर सरळ दिसते आणि तशीच दुसरी पायरी कडेपाशी कमानदार वाकलेली दिसते.

हा वाक लेन्सने आणलेला असतो आणि संगणकावर तो जवळपास पूर्ण काढता येतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपासून गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्यांपर्यंत आज सगळ्यांच्या हातात त्याची साधनं आहेत. अडचण येते ती ओळखण्यात. फोटोतला कुठला वाक लेन्सचा, कुठला आपण उभे राहिलो त्या जागेचा आणि कुठला मुळातच त्या वास्तूचा, हे आधी कळलं पाहिजे. सॉफ्टवेअरला यातला फरक कळत नाही. सांगाल ते ते सरळ करून देतं.

वाक येतो कुठून?

चांगल्या लेन्सकडून अपेक्षा एवढीच की चित्राच्या मध्यावर ती वस्तू जेवढी मोठी दाखवते, तेवढीच कडेलाही दाखवावी. प्रत्यक्षात हे प्रमाण मध्यापासून कडेपर्यंत थोडं थोडं बदलत जातं. कडेला ते कमी झालं तर कोपरे आत ओढले जातात आणि कडेच्या सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. याला बॅरल डिस्टॉर्शन म्हणतात. कडेला प्रमाण वाढलं तर उलट होतं. कोपरे बाहेर ताणले जातात आणि रेषा मध्याकडे खचतात. हे पिनकुशन डिस्टॉर्शन. काही वाइड लेन्समध्ये दोन्हींची सरमिसळ असते. रेषा मधे फुगते आणि टोकांशी उलट वळते. हा मिशीसारखा वाक काढायला सगळ्यात अवघड.

याचं मूळ बऱ्याच अंशी ॲपर्चरच्या जागेत असतं. ॲपर्चर भिंगाच्या पुढे असेल तर कडेचे किरण भिंगाच्या एका भागातून जातात, मागे असेल तर दुसऱ्या भागातून. साध्या बहिर्गोल भिंगापुढे ॲपर्चर ठेवलं की बॅरल येतो आणि मागे ठेवलं की पिनकुशन. यातूनच उपायही सुचला. भिंगांचे दोन सारखे गट घ्यायचे आणि ॲपर्चर बरोबर मधे ठेवायचं, म्हणजे एका गटाची चूक दुसरा गट पुसून टाकतो. 1866 साली लंडनमध्ये जॉन हेन्री डॅलमायर यांनी ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ ही अशी लेन्स आणली. त्याच वर्षी म्युनिकमध्ये स्टाइनहाइल यांची ‘अ‍ॅप्लनॅट’ आली. रचना तीच. पुढची कित्येक दशकं जगभरच्या स्टुडिओंमध्ये आणि प्रवासी छायाचित्रकारांच्या पेटीत याच जातीच्या लेन्स होत्या. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या फोटोंत खांब सरळ दिसतात, त्याचं श्रेय या रचनेला आहे.

मग आजच्या महागड्या लेन्समध्ये वाक का? एसएलआर कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागते, त्यामुळे वाइड लेन्सचा मागचा भाग सेन्सरपासून लांब ठेवावा लागतो. दोन्ही बाजू सारख्या ठेवणं मग शक्य होत नाही. झूम लेन्समध्ये भिंगांचे गट पुढे-मागे सरकतात, त्यामुळे तोल दर टप्प्याला बदलतो. नव्या कॅमेऱ्यासोबत बहुतेकांना मिळणारी 18-55 ची लेन्स घ्या. 18 वर ठळक बॅरल, मधल्या टप्प्यात जवळजवळ सरळ आणि 55 च्या बाजूला थोडा पिनकुशन, असा तिचा साधारण स्वभाव असतो. मिररलेस कॅमेरे आणि मोबाइल आल्यावर कंपन्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. लेन्स लहान आणि हलकी करायची, राहिलेला वाक कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरने काढायचा, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं.

जागा चुकते, माहिती हरवत नाही

हे सगळं शक्य होतं त्यामागे एक महत्त्वाचं तत्त्व आहे. 1857 साली जर्मन गणितज्ञ लुडविग फॉन झायडेल यांनी भिंगाच्या पाच मूळ दोषांची गणिती मांडणी केली. त्यातले पहिले चार दोष बिंदूला पसरवतात, म्हणजे चित्र अस्पष्ट करतात. पाचवा दोष डिस्टॉर्शनचा. तो बिंदू पसरवत नाही, नुसता जागेवरून हलवतो. जे धूसर झालं ते पुरतं परत मिळवणं कठीण असतं. जे नुसतं सरकलं आहे ते किती आणि कुठे सरकलं हे कळलं की पुन्हा जागेवर आणता येतं.

किती सरकलं ते आकड्यांत पाहू. 24 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर होतं सुमारे 3600 पिक्सेल. लेन्सला कोपऱ्यात 3 टक्के बॅरल असेल तर कोपऱ्यातला बिंदू सुमारे 108 पिक्सेल आत सरकलेला असतो. साध्या बॅरलमध्ये हे सरकणं अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे मध्यापासून निम्म्या अंतरावर ते आठव्या हिश्श्यावर, म्हणजे 13-14 पिक्सेलवर येतं. मधला चेहरा नीट दिसतो आणि कडेचा दरवाजा वाकतो, तो यामुळे.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वापरलं जाणारं सूत्र ब्राउन आणि कॉनराडी या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. कॉनराडी यांनी 1919 मध्ये भिंगं अक्षावरून ढळल्यावर काय होतं ते मांडलं. डुएन ब्राउन यांनी 1966 मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्यांसाठी ते पुढे नेलं. 1971 मध्ये ब्राउन यांनी लेन्सचा वाक मोजण्याची एक सोपी पद्धत सांगितली. कॅमेऱ्यासमोर ओळंबे टांगायचे आणि त्यांच्या दोऱ्यांचे फोटो काढायचे. ओळंब्याचा दोरा सरळच असतो, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. फोटोत तो जेवढा वाकला, तेवढा दोष लेन्सचा. ज्या साधनाने भिंत सरळ आहे की नाही ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तपासलं जातं, त्याच साधनाने लेन्सही तपासता येते.

सॉफ्टवेअर आत काय करतं?

फोटो रबराच्या पातळ पडद्यावर छापला आहे अशी कल्पना करा. बॅरल काढायचा तर पडद्याचे कोपरे बाहेर ओढायचे, मध्य तसाच ठेवायचा. सॉफ्टवेअर हेच काम उलट दिशेने करतं. ते आधी रिकामी, सरळ चौकट घेतं आणि तिच्यातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी सूत्र लावून विचारतं, की या जागेचा रंग मूळ फोटोत कुठे सापडेल? उत्तर बहुधा दोन पिक्सेलच्या मधे येतं. मग आजूबाजूच्या चार किंवा सोळा पिक्सेलवरून तो रंग काढला जातो.

यातून दोन गोष्टी होतात, त्या आधीच माहीत असाव्यात. एक, कोपरे ताणले गेल्यामुळे तिथला नेमकेपणा थोडा कमी होतो. दोन, ताणलेल्या पडद्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात आणि चौकोन मिळवण्यासाठी त्या कापाव्या लागतात. म्हणून वाइड लेन्सने काढताना कडेला मोकळी जागा सोडावी. देवळाचा कळस किंवा घाटाची शेवटची पायरी चौकटीला चिकटवून काढली, तर दुरुस्तीनंतर ती छाटली जाण्याची शक्यता असते.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी करायची?

पहिला आणि सोपा मार्ग प्रोफाइलचा. प्रत्येक लेन्सचा वाक आधीच मोजून त्याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली असते. अडोबीने 2010 साली लाइटरूम 3 मध्ये ही सोय दिली. लाइटरूममध्ये ‘लेन्स करेक्शन्स’मध्ये जाऊन ‘एनेबल प्रोफाइल करेक्शन्स’वर टिचकी मारली की काम होतं. कोपऱ्यातला काळोखही त्यातच उजळतो. पैसे न मोजता हेच काम डार्कटेबलमध्ये करता येतं. त्यामागे लेन्सफन नावाची मुक्त नोंदवही आहे आणि जगभरच्या छायाचित्रकारांनी स्वतः मोजमापं करून ती भरली आहे.

सॉफ्टवेअर लेन्स ओळखतं ते फोटोसोबत जपलेल्या एक्झिफ माहितीवरून. लेन्स कुठली आणि झूम किती होता, हे तिथे नोंदलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की ही माहिती गळते आणि फोटो लहानही होतो. दुरुस्तीसाठी फोटो मागवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा. दुसरी काळजी कापण्याबाबत. सॉफ्टवेअर फोटोचा मध्य हाच लेन्सचा मध्य धरून चालतं. आधी क्रॉप केलेल्या फोटोचा मध्य सरकलेला असतो, मग दुरुस्ती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी होते. म्हणून क्रम पाळावा. आधी लेन्सचा वाक, मग झुकाव, सगळ्यात शेवटी क्रॉप. तिसरी गोष्ट, मोबाइलने आणि बऱ्याच कॅमेऱ्यांनी दिलेल्या जेपेगमध्ये दुरुस्ती आधीच झालेली असते. तिच्यावर पुन्हा प्रोफाइल लावलं तर रेषा उलट्या बाजूला खचतात. रॉ फाइलवर मात्र दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते किंवा सॉफ्टवेअरकडून करून घ्यावी लागते.

प्रोफाइल मिळालं नाही तर हाताने. जुनी लेन्स असेल किंवा आजोबांच्या अल्बममधला फोटो स्कॅन केलेला असेल, तर हाच मार्ग उरतो. लाइटरूमच्या ‘मॅन्युअल’मध्ये ‘डिस्टॉर्शन’चा स्लायडर प्लसकडे नेला की बॅरल कमी होतो. सरकवताना फोटोवर जाळी दिसते, तिच्याशी रेषा ताडून पाहायची. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये ‘लेन्स डिस्टॉर्शन’ हे फिल्टर आहे. त्यातला ‘मेन’ सगळ्या चित्राचा वाक बदलतो, ‘एज’ मुख्यतः कडांचा. आधी ‘मेन’ने रेषेचा मोठा भाग सरळ करावा आणि टोकं उरली तर ‘एज’ला हात लावावा. मिशीसारखा वाक असेल तर या दोन्हींची गरज पडते.

थोडं कष्टाचं पण कायमचं काम म्हणजे आपल्या लेन्सचं स्वतःचं प्रोफाइल बनवणं. त्यासाठी ह्युगिन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या मुळाशी हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी 1998 साली लिहिलेली ‘पॅनोरामा टूल्स’ आहेत. एखाद्या नव्या इमारतीच्या स्लॅबची लांब रेषा फोटोच्या वरच्या कडेजवळ येईल असा फोटो काढायचा, त्या रेषेवर ठिपके ठेवायचे आणि हे सगळे एका रेषेत आहेत असं सॉफ्टवेअरला सांगायचं. वाकाचे आकडे ते स्वतः काढून देतं.

जे लेन्सचं नाही, ते लेन्सच्या माथी मारू नये

विहिरीच्या काठावर उभं राहून खाली कॅमेरा रोखला की भिंती तळाकडे निमुळत्या होत जातात. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळासमोर उभं राहून वर पाहत फोटो काढला की शिखर मागे झुकल्यासारखं दिसतं. यात लेन्सचा काही दोष नाही. कॅमेरा तिरका धरला की जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसणारच. त्यात रेषा सरळच राहतात, फक्त एकमेकींकडे झुकतात. त्यासाठी ‘ट्रान्सफॉर्म’ किंवा ‘पर्स्पेक्टिव्ह’ हे वेगळं साधन आहे. मोबाइलवरच्या अनेक अ‍ॅपमध्ये तेवढंच असतं. त्याने बॅरल जात नाही, कारण त्याच्या गणितात सरळ रेषा सरळच राहते आणि वाकलेली रेषा वाकलेलीच. फरक ओळखायला फोटोवर पट्टी ठेवावी. कडेची रेषा पट्टीला चिकटली पण तिरकी आहे, तर तो झुकाव. मधे फट पडली तर तो लेन्सचा वाक.

लग्नातल्या ग्रुप फोटोची गोष्ट आणखी वेगळी. छोट्या हॉलमध्ये वीस-पंचवीस जणांना एका फोटोत बसवायचं म्हणून वाइड लेन्स लावतात आणि टोकाला उभे असलेले मामा-मावशी आडवे पसरलेले दिसतात. हे रेषा सरळ ठेवण्याचंच फळ आहे. सपाट चौकटीत रुंद दृश्य बसवताना कडेच्या वस्तू ताणल्या जातातच. इथे बॅरल काढायला गेलं तर माणसं आणखी रुंद होतात. उलट थोडा बॅरल राहू दिला तर चेहरे बरे दिसतात. खरा उपाय फोटो काढताना आहे. मागे सरकावं, झूम वाढवावा आणि कडेला माणसं उभी करू नयेत.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. वाईचा ढोल्या गणपती 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधला. कृष्णेच्या पुराचा जोर फुटावा म्हणून या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती बांधलेली आहे. ती वळणदार भिंत फोटोत सरळ करणं म्हणजे बांधणाऱ्याची बुद्धीच पुसून टाकणं. पुलालाही कधीकधी मुद्दाम मधे हलका उंचवटा दिलेला असतो, आणि जुन्या वाड्याची तुळई काळाच्या ओघात खरोखर वाकलेली असू शकते. म्हणून वाक मोजण्यासाठी रेषा निवडताना ती मुळात सरळ आहे याची खात्री हवी. खात्री नसेल तर प्रोफाइलवर विसंबावं, डोळ्यांवर नाही.

सरळ रेषेची गरज कुठे पडते?

मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातो. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीतला कारागीर आज परगावच्या गिऱ्हाइकाला फोटोवर वाद्य दाखवतो. पाच फुटांच्या आसपास लांबीचा तंबोरा छोट्या दुकानात मोबाइलच्या वाइड लेन्सने काढला आणि तो चौकटीच्या कडेला आला, तर दांडी वाकलेली दिसू शकते. तंबोऱ्याची दांडी वाकणं हा मोठा दोष. वाद्य निर्दोष असूनही गिऱ्हाईक बिचकेल. मुख्य लेन्स लावून, चार पावलं मागे जाऊन, दांडी फोटोच्या बरोबर मध्यरेषेवर आणली की प्रश्न मिटतो. मध्यातून जाणारी रेषा साध्या बॅरलमध्ये किंवा पिनकुशनमध्ये कधीच वाकत नाही. हाच नियम कास पठाराला लावा. क्षितिज वरच्या कडेला घेतलं तर सपाट सडा घुमटासारखा फुगतो, मधोमध घेतलं तर सपाटच राहतो.

औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मांसारख्या चित्रकारांची चित्रं आहेत. अशा सपाट चित्राची प्रत घेताना त्याची चौकट हीच आयती पट्टी असते. फोटोत चौकट फुगलेली दिसली तर आतली आकृतीही तितकीच सरकलेली आहे, असं समजावं.

सांगलीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो. 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या पुढे गेली होती. 2005 चा पूर आणि 2019 चा पूर यांचे फोटो शेजारी ठेवून पाणी कुठवर आलं होतं हे पाहायचं तर दोन्ही वेगळ्या कॅमेऱ्यांनी, वेगळ्या लेन्सनी काढलेले असतात. दोन्हींतला लेन्सचा वाक आणि कॅमेऱ्याचा झुकाव काढल्याशिवाय ते एकावर एक बसणार नाहीत. फोटोवरून मोजायचं असेल तिथे ही दुरुस्ती हा हौसेचा भाग राहत नाही. मोजमापाची ती पहिली पायरी ठरते.

आपल्या गावातला घाट, विहीर, वाडा, देऊळ यांचे फोटो आज हजारोंनी निघतात. त्यातला एखादा उद्या पडलेल्या भिंतीचा एकमेव पुरावा असेल. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका आणि दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. लेन्स कुठली होती आणि काय दुरुस्त केलं, हे दोन ओळींत लिहून ठेवा. आणि कुठलीही रेषा सरळ करण्याआधी ती प्रत्यक्षात सरळ आहे का, हे शक्य असेल तर जागेवर जाऊन ओळंबा लावून पाहा.